विद्यार्थ्याची साक्ष

'संशोधन' हा शब्द अलीकडे आपल्या महाविद्यालयांतून इतक्या सहजपणें उच्चारला जाऊं लागला आहे कीं, त्याला कांहीं निश्चित अर्थ असावा अशी अपेक्षाच उरलेली नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीशिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षीं संशोधनाची शाखा निवडण्याची मुभा दिली असून, त्याच्या प्रबंधाकरितां १२ श्रेयांक राखून ठेवले आहेत. महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत ही नवी रचना २०२४-२५ या वर्षापासून लागू झाली. आणि चौथें वर्ष उजाडण्यापूर्वींच क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग अशा नांवांनीं विद्यार्थ्यास वर्गाबाहेर धाडण्याची तजवीज तींत करण्यांत आली आहे. मोठ्या शहरांतील संपन्न संस्था या नियमाचें काय तें करतील. परंतु तोच नियम नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेंत येणाऱ्या गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गांवींही लागू आहे. घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच असा एखादा विद्यार्थी तेथें 'माझा संशोधनाचा विषय कोणता?' असें विचारीत अध्यापकाच्या दाराशीं येऊन उभा राहतो, तेव्हां हा प्रश्न शासननिर्णयाचा न राहतां नीतीचा होतो. अठरा-वीस वर्षांच्या त्या तरुणास आपण नेमकें काय करावयास सांगत आहों, आणि तें सांगण्यानें आपणांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार झालेला फारसा दिसत नाहीं.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत कसून धुंडाळण्याची कल्पना आहे. आपल्या 'संशोधन' शब्दाच्या मुळाशीं मात्र 'शुध्' हा धातु असून त्याचा अर्थ शुद्ध होणें, निर्मळ होणें असा आहे. हिंदी भाषकांनीं हा मूळचा अर्थ अधिक जवळ ठेवला. कायद्यांतील दुरुस्तीस ते 'संशोधन' म्हणतात, आणि आपण ज्याला संशोधन म्हणतों त्यास 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतात. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून सिद्धांत उभारणें धोक्याचें असतें हें मी जाणतों. तथापि येथें व्युत्पत्ति उपयोगी पडते. सुपांत धान्य घेऊन तें पाखडावें, खडे वेंचून काढावे, तशी आपण आजवर खरी मानीत आलेली गोष्ट पाखडून पाहणें म्हणजे संशोधन. या अर्थानें पाहिलें तर 'कांहींतरी नवें सांपडणें' हा संशोधनांतील योग ठरतो, त्याचें लक्षण ठरत नाहीं. निवडलेले तांदूळ नवे नसतात, पण ते खात्रीनें शिजवतां येतात.

पदवीच्या विद्यार्थ्यांनीं संशोधन करावें असें म्हणणारे लोक सामान्यतः दोन उदाहरणें पुढें करतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला निबंध १९०६ सालीं, त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षीं, 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्यें छापला गेला. आणि त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांत असतांनाच १९२८ सालीं ताऱ्यांच्या अंतर्भागाविषयींचा एक निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु आपल्या प्रश्नाशीं त्यांचा संबंध अगदीं थोडा आहे. अशा बुद्धीला महाविद्यालयानें फार तर वाट मोकळी करून द्यावयाची असते. आपला प्रश्न उरलेल्या नव्याण्णवांचा आहे. त्यांच्यांतून रामन निर्माण होणार नाहींत हें ठाऊक असूनही त्यांना संशोधनास लावावें काय? आणि लावावें तर कोणत्या कारणासाठीं?

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं आपल्याकडे महाविद्यालय आणि संशोधन यांची फारकत कशी झाली तें पाहणें इष्ट आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. त्याचें काम शिकविण्याचें नव्हतें, परीक्षा घेण्याचें होतें. महाविद्यालयांनीं त्या परीक्षांसाठीं मुलें तयार करावयाचीं. अर्थात् ज्ञान कोठें तरी दूर सिद्ध होऊन येतें, आणि अध्यापकानें तें वांटावयाचें असतें, अशी समजूत या रचनेच्या पायांतच घातली गेली. ज्यांना ज्ञान सिद्ध करण्याची तळमळ होती त्यांनीं महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर वेगळीं घरें बांधलीं. राजवाडे प्रभृतींचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चें, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चें, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. मौज अशी कीं, डेक्कन महाविद्यालय १९३४ सालीं बंद पडलें आणि १९३९ सालीं पुन्हा उघडलें तें पदव्युत्तर अध्ययनाची व संशोधनाची संस्था म्हणून. म्हणजे पदवीचे विद्यार्थी निघून गेल्यावरच त्या वास्तूंत संशोधन रीतसर नांदूं लागलें! या संस्थांनीं महाराष्ट्राची जी सेवा केली तिला तोड नाहीं. पण त्यांच्या थोरवीमुळें एक गैरसमज दृढ झाला, तो असा कीं संशोधन हें एक देवालय असून पदवीच्या विद्यार्थ्यानें त्याच्या बाहेरच्या ओट्यावर बसावें.

मराठवाड्यांत तर तो ओटाही फार लांब होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेस, आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं झालें, नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं. म्हणजे आज गंगाखेडच्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या आजोबांना मातृभाषेंतून उच्च शिक्षण घेण्याची सोय जवळपास नव्हती. या मुलाला पाठ्यपुस्तकांतील प्रत्येक वाक्य 'तिकडून' आलेलें वाटतें, तें उगीच नव्हे. पावसाविषयीं त्याला सांगतें कोण? हवामानखातें. कापसाविषयीं? परभणीचें कृषि विद्यापीठ. जनाबाईविषयीं? पुण्याचा एखादा ग्रंथ. आणि जनाबाईचें जन्मस्थान तर हेंच गांव, आणि कापूस याच्याच शेतांत!

आपल्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर या विद्यार्थ्याचें सारें ज्ञान शब्दप्रमाणावर उभें असतें. कोणीतरी सांगितलें म्हणून त्यानें तें मानलें. यांत वाईट असें कांहीं नाहीं. मनुष्याचें बहुतेक ज्ञान असेंच असतें, आणि ज्याला प्रत्येक गोष्ट स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाहीं त्याचें शिक्षण पहिल्या यत्तेंतच अडेल. पण शब्दप्रमाणाची एक अट न्यायशास्त्रानें घालून ठेवली आहे; सांगणारा आप्त असला पाहिजे. आणि आप्त म्हणजे कोण? न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनानें दिलेल्या लक्षणाचा आशय असा कीं, ज्यानें ती वस्तु साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी या इच्छेनें जो बोलतो, तो आप्त. लगेच तो अशीही पुस्ती जोडतो कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू पडतें. वात्स्यायनाची ही पुस्ती मला त्याच्या व्याख्येइतकीच मोलाची वाटते. आप्तत्वाला कुळ नाहीं, वय नाहीं, पदवी नाहीं. त्याला दोनच गोष्टी लागतात. पाहिलेलें असणें, आणि पाहिलें तसें सांगण्याची इच्छा असणें.

माझ्या मतें पदवीच्या विद्यार्थ्यानें संशोधन करण्याचें खरें प्रयोजन येथें आहे. वीस वर्षें जो दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबला, त्यानें निदान एका लहानशा बाबतींत असें व्हावें कीं दुसऱ्यांनीं त्याच्या शब्दावर विसंबावें. त्याच्या शोधाची किंमत जगाच्या ज्ञानांत कदाचित् कवडीची असेल. परंतु ऐकणाऱ्याच्या जागेवरून उठून साक्ष देणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभें राहणें ही त्याच्या आयुष्यांतील मोठी घटना आहे, आणि ती बुद्धीच्या प्रांतांत जेवढी घडते त्याहून अधिक नीतीच्या प्रांतांत घडते. परीक्षेंत खोटें उत्तर लिहिणारा स्वतःचें नुकसान करतो. साक्ष खोटी देणारा मात्र, जो कोणी त्याच्यावर विसंबेल त्या प्रत्येकास फसवितो.

विद्यार्थ्याची साक्ष खरोखर उपयोगी पडते काय, अशी शंका कोणी घेईल. तिला इतिहासांत एक चांगलें उत्तर आहे. मद्रास विद्यापीठांत भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले गिल्बर्ट स्लेटर यांनीं १९१६ सालीं आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं एक प्रश्नावली दिली आणि त्यांना आपापल्या गांवांची माहिती गोळा करण्यास सांगितलें. जमिनी कोणाच्या, कूळ कोण, कर्ज किती, मजुरी काय, असे ते प्रश्न. त्या नोंदींतून १९१८ सालीं दक्षिण भारतांतील कांहीं खेड्यांविषयींचा एक ग्रंथ निघाला. वीस वर्षांनीं, १९३६-३७ सालीं, थॉमस व रामकृष्णन या अभ्यासकांनीं त्याच गांवांची पुन्हा पाहणी केली. आणि त्यांतील इरुवेलपट्टु या गांवाची पाहणी तर त्यानंतरही वेळोवेळीं, अगदीं या एकविसाव्या शतकांतही, झाली आहे. म्हणजे एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवीं बसून लिहिलेले आंकडे शंभर वर्षें अर्थशास्त्रज्ञांना पायाच्या दगडासारखे पुरले. जवळपास त्याच सुमारास, १९१७ सालीं, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची जमीन व मजुरी यांविषयींची पाहणी प्रसिद्ध केली. आज तें गांव पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत बुडून गेलें आहे. तेथें शेतीचे तुकडे कसकसे पडत गेले हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्याला त्या पुस्तकाकडेच जावें लागतें. मान यांचे लेखक-सहकारी विद्यार्थी नव्हते, हें खरें; पण महाविद्यालयानें शेजारच्या खेड्याकडे ज्ञानाचा विषय म्हणून पाहिलें, हें त्यांतलें घेण्यासारखें आहे.

स्लेटर यांच्या विद्यार्थ्यांपाशीं प्रयोगशाळा नव्हती, मोठें ग्रंथालय नव्हतें. त्यांच्यापाशीं एक साधन होतें जें प्राध्यापकापाशीं नव्हतें. तें त्या गांवचे होते. गंगाखेडसारख्या ठिकाणीं साधनांचा अभाव आहे अशी जी नेहमीं तक्रार होते ती बहुतांशीं योग्य आहे, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपकरणांवांचून संशोधनाचें नाटक करावयास लावणें हा त्याचा अपमान आहे, असें मलाही वाटतें. पण कांहीं विषय असे आहेत कीं, ज्यांत जवळ असणें हेंच सर्वांत मोठें उपकरण असतें. अशा दोन विषयांचा मी येथें थोडा विस्तार करतों.

पहिला पावसाचा. गंगाखेड तालुक्याच्या उत्तरेस गोदावरीचा कांठ, दक्षिणेस बालाघाटाचा डोंगरपट्टा. एका शिवारांत सोयाबीन पिंवळें पडतें आणि चार कोसांवर ओढ्याला पूर असतो, हें येथील शेतकरी नेहमीं सांगतो. सरकारी पर्जन्यमापन महसूल मंडळागणिक होतें. एका मंडळांत अनेक गांवें येतात, आणि २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत पावसाचा खंड किती पडला हें पाहतांना त्या मंडळाच्या नोंदीकडे पाहिलें जात असे. आतां समजा, एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या मोकळ्या जागेंत साधा पर्जन्यमापक बसविला, आणि हवामानखात्याच्या रीतीप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून वहींत लिहिलें. चार महिन्यांचें काम, खर्च थोडा, बुद्धि फारशी लागत नाहीं. पण नीति किती लागते तें पाहावें. ऑगस्टमध्यें तो तीन दिवस परभणीस गेला. वहींतील तीन घरें कोरीं राहिलीं. शेजारच्या दिवसांवरून अंदाज बांधून तीं भरणें त्याला सहज शक्य आहे. कोणाला कळणार नाहीं, आणि कोष्टक सुबक दिसेल. मार्गदर्शकही बहुधा सुबक कोष्टकावरच खूष होईल. शिवाय २.५ मिलिमीटरपेक्षां कमी पाणी पडलें तर हवामानखातें तो पावसाचा दिवस धरीत नाहीं. मोजपात्रांत पाणी २.६ च्या रेषेस टेकलें आहे, आणि बापाचें शेत त्याच शिवारांत आहे. डोळा किंचित् खालीं करून पाहिलें कीं २.४ दिसतें. या दोन दशांशांत त्या मुलाची जी परीक्षा होते, ती सहा सत्रांच्या सहा परीक्षांत एकदांही झालेली नसते.

कोणी म्हणेल, हे मोह लहानांचेच. तसें नाहीं. विद्युत्कणाचा भार मोजून नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मिलिकन यांनीं १९१३ च्या आपल्या निबंधांत ५८ तैलबिंदूंच्या नोंदी दिल्या, आणि ही निवडक बिंदूंची यादी नसून साठ दिवसांत तपासलेल्या सर्व बिंदूंची आहे, असें स्पष्ट म्हटलें. पुढें त्यांच्या वह्या उघडल्या गेल्या तेव्हां तपासलेल्या बिंदूंची संख्या पुष्कळच अधिक निघाली. वगळलेल्या नोंदी सदोष होत्या म्हणून वगळल्या, असें त्यांचा कैवार घेणारे म्हणतात, आणि तें बरेंचसें खरेंही असेल; त्यांचें उत्तर मुख्यतः बरोबर होतें यांत तर वादच नाहीं. परंतु 'सर्व' हा शब्द त्यांनीं लिहावयास नको होता. विद्यार्थ्याची वही हातीं आली कीं मी तींत प्रथम कोरीं घरें शोधतों, तें यासाठीं. चार महिन्यांत एकही घर कोरें नसेल तर तो विद्यार्थी असामान्य असला पाहिजे, किंवा वही अविश्वसनीय असली पाहिजे.

दुसरा विषय जनाबाईचा. तिच्या नांवावर सुमारें साडेतीनशे अभंग छापले जातात. तिच्या काळचें एकही हस्तलिखित आपल्यापाशीं नाहीं. तेव्हां त्यांतील किती तिचे आणि किती तिच्या मुद्रेनें पुढच्यांनीं रचलेले, हा वाद पंडितांचा आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यानें त्यांत पडूं नये. त्यानें त्यांत पडून जुन्या ग्रंथांतील परिच्छेद उतरून काढण्याखेरीज दुसरें कांहीं होणार नाहीं. पण या तालुक्यांतील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीं आज जनीचीं म्हणून कोणतीं पदें आहेत, आणि छापील पाठाहून तीं कोठें वेगळीं होतात, याची नोंद घेण्यास पुण्याचा पंडित आला तर त्या बायका पदर पुढें ओढून गप्प बसतील. नातीला मात्र त्या सांगतील. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील एक हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाची थोरवी संख्येंत आहे तशीच आणखी एका गोष्टींत आहे. ओवी कोणी गाइली तिचें नांव आणि गांव ओवीबरोबर नोंदलेलें आहे. आपल्या कित्येक जुन्या लोकगीतसंग्रहांत संपादकाचें नांव ठळक असतें आणि गाणारी बाई 'एक वृद्ध स्त्री' म्हणून विरून जाते.

येथें साक्षीचा दुसरा पैलू पुढें येतो. पावसाला कोणी विचारलें नाहीं तरी चालतें. आजीला विचारावें लागतें. विद्यार्थी तिच्या ओट्यावर बसून जेव्हां लिहूं लागतो तेव्हां त्याच्या ज्ञानांत तिचाही वांटा असतो. तिच्या सासरच्या छळाची ओवी छापावी कीं नाहीं, तिचें नांव द्यावें कीं लपवावें, हें तिनें ठरवावयाचें. आणि नांव द्या म्हणाली तर तें ग्रंथाच्या आंत, तिच्या ओवीशेजारीं आलें पाहिजे. आपल्याच मावशीला प्रपत्र क्रमांक चारमधील प्रश्न वाचून दाखविणारा, आणि तिच्या उत्तरांना 'प्रतिसाद' म्हणणारा विद्यार्थी मीं पाहिला आहे. त्या बिचाऱ्याचा यांत दोष नाहीं, तसें करणें म्हणजेच शास्त्रीय पद्धति, असें त्याला शिकविलेलें असतें. शास्त्रीय पद्धतींत मावशीला मावशी म्हणण्यास बंदी आहे, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

आतां नियमाकडे वळूं. शेंकडा ७५ गुणांची अट मला मुळांतच चुकीची वाटते. आपल्या परीक्षांतील गुण मुख्यतः काय मोजतात? दुसऱ्यानें सांगितलेलें किती हुबेहूब परत सांगतां येतें तें. म्हणजेच शब्दप्रमाणावरील श्रद्धा. संशोधनास लागणारा गुण याच्या उलट दिशेचा नसला तरी निश्चितपणें वेगळा आहे. ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर फडावर गेल्यामुळें ज्याचें एक सत्र बुडालें आणि ज्याचे गुण ५५ वर अडले, तो मुलगा तोडमजुरांच्या उचलीचा हिशोब पंचाहत्तरवाल्यापेक्षां शतपटीनें बिनचूक मांडील. त्याला संशोधनाच्या दारांतून परत पाठविणारा नियम कारकुनी सोयीसाठीं केलेला आहे, ज्ञानाच्या सोयीसाठीं नव्हे. याच्या उलट, ज्याला पाहण्याची आवडच नाहीं त्याला क्षेत्रप्रकल्पाची सक्ती करणें हेंही तितकेंच व्यर्थ आहे. त्यानें चांगलीं पुस्तकें वाचावींत, त्यांवर चार शहाण्या गोष्टी लिहाव्यात. तें काम संशोधनाहून हलकें नाहीं, आणि त्याला संशोधन हें नांव दिल्यानें तें भारदस्तही होत नाहीं.

सक्ती आली कीं बाजारही येतो. अध्यापकांच्या बढतीला छापील निबंधांचे आंकडे जोडले गेले, तेव्हां काय झालें तें आपण पाहिलें आहे. मे २०१८ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादींतून ४,३०५ नियतकालिकें एका फटक्यांत काढून टाकावीं लागलीं. तोच रोग आतां विद्यार्थ्यांत पसरण्यास कितीसा वेळ लागणार? तयार प्रकल्प विकत मिळतात हें कोणास ठाऊक नाहीं? आणि आतां तर संगणकाला चार ओळी सांगितल्या कीं तो क्षणांत चाळीस पानें लिहून देतो, आणि तीं पानें पुष्कळ विद्यार्थ्यांच्या, मी तर म्हणतों कांहीं अध्यापकांच्याही, मराठीपेक्षां शुद्ध असतात. या यंत्रावर संतापण्यांत अर्थ नाहीं. त्यानें एक उपकारच केला आहे. प्रकल्पांतील कोणता भाग कवडीमोलाचा होता तें त्यानें उघड केलें. प्रस्तावना, उद्दिष्टें, पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा, निष्कर्ष, हें सारें यंत्र लिहील. पण १४ ऑगस्टच्या सकाळीं साडेआठ वाजतां तें त्या शिवारांत उभें नव्हतें. वात्स्यायनाची पहिली अटच त्याला पुरी करतां येत नाहीं. विद्यार्थ्याच्या कामांत यापुढें मोल राहील तें त्याच्या उभें राहण्याला, आणि परीक्षकानें तपासावी ती वही, बांधलेला प्रबंध नव्हे.

आणि अध्यापकाचें काय? विद्यार्थ्याला साक्षीदार करावयाचें म्हणजे अध्यापकानें श्रोता व्हावयाचें, आणि हें वाटतें तितकें सोपें नाहीं. तीस वर्षें व्यासपीठावरून बोलणाऱ्याला, समोरच्या मुलीनें 'सर, आमच्या गांवांत असें नाहीं' असें म्हटलेलें ऐकून घेणें जड जातें. आपल्या संस्कृतींत गुरूचा शब्द मोडणें हें पाप मानलें आहे, आणि ती मुलगी हें वाक्य मोठ्या संकोचानें, बहुधा दाराशीं थांबून, इतर निघून गेल्यावर उच्चारते. त्या क्षणीं अध्यापकाच्या मुद्रेवर जें दिसेल त्यावर तिचें पुढचें सारें संशोधन अवलंबून असतें. त्यानें 'असें कसें होईल? पुस्तकांत तर असें आहे' म्हटलें कीं ती पुन्हा ऐकणाऱ्यांच्या रांगेंत जाऊन बसते, आणि मग प्रबंधांत पुस्तकांतलेंच लिहिते. त्यानें 'किती घरें पाहिलींस? कोणाला विचारलेंस? वही आण पाहूं' असें म्हटलें तर तो तिच्या म्हणण्याला मान देतोच, शिवाय तें पाखडूनही पाहतो. नुसती शाबासकी हा मान नव्हे. उलटतपासणी हा मान आहे, कारण उलटतपासणी साक्षीदाराचीच घेतात.

याच न्यायानें निबंधावर नांव कोणाचें, हाही प्रश्न सुटावा. ज्यानें पाहिलें आणि लिहिलें त्याचें नांव आधीं. मार्गदर्शकानें प्रश्न सुचविला असेल, भाषा नीट केली असेल, तर त्याचे आभार मानावेत; खरोखर बरोबरीनें काम केलें असेल तर त्याचें नांव दुसरें यावें. केवळ विभागप्रमुख म्हणून पहिलें नांव लावून घेणें ही आपल्याकडची सर्रास चाल आहे, आणि तिला मी चोरीपेक्षां सौम्य शब्द वापरूं शकत नाहीं. विद्यार्थ्याला पहिल्याच साक्षीच्या वेळीं असें दिसावें कीं साक्ष दिली एकानें आणि ती नोंदली गेली दुसऱ्याच्या नांवें, तर प्रामाणिकपणाचे बारा श्रेयांक त्याला कोणत्या तोंडानें द्यावयाचे?

एक व्यावहारिक गोष्ट उरते. आजची पद्धति अशी कीं प्रकल्प तपासले, गुण भरले, कीं त्यांचे गठ्ठे कांहीं वर्षें माळ्यावर राहतात आणि मग रद्दींत जातात. स्लेटर यांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी अशा रद्दींत गेल्या असत्या तर थॉमस व रामकृष्णन यांनीं कशाशीं तुलना केली असती? तेव्हां प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत या वह्यांसाठीं एक कपाट असावें. वहीवर विद्यार्थ्याचें नांव, गांव, वर्ष घालून तिची इतर ग्रंथांप्रमाणें नोंद व्हावी. आणि पुढच्या वर्षीं त्याच गांवच्या विद्यार्थ्याला नवा विषय देण्याऐवजीं आधींची वही वाचावयास देऊन तेंच काम पुढें चालविण्यास सांगावें. पावसाच्या बाबतींत तर एका वर्षाच्या आंकड्यांवरून कांहींच म्हणतां येत नाहीं. दहा विद्यार्थ्यांनीं दहा वर्षें एकाच जागीं मोजलें तर थोडें बोलतां येईल. पर्जन्यमापक शक्यतों शाळेच्या आवारांत, झाडापासून व भिंतीपासून दूर ठेवावा, आणि नोंद १ जूनलाच सुरू करावी, म्हणजे पेरणीपूर्वीच्या सरीही वहींत येतील.